पाच तारखेची शाळा

जालना शहराला लागूनच खरपुडी आहे. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे मासिक चर्चासत्र भरते. विषय हंगामाबरोबर फिरतात. मृगाच्या तोंडावर कपाशी, सोयाबीन, तुरीचे वाण. पावसाने ओढ दिली की उभे पीक तगवायचे कसे. मग गुलाबी बोंडअळी, हरभरा, मोसंबीची फळगळ, उन्हाळ्यात जनावरांचा चारा. बोलायला परभणीच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ येतात, बदनापूरच्या संशोधन केंद्रातले येतात, कृषी खात्याचे अधिकारी येतात, आणि एखादा शेतकरी स्वतःच्या बागेचा हिशेब मांडतो. कितीतरी वर्षे हे चालू आहे. मंत्री बदलले, योजनांची नावे बदलली, तारीख तीच राहिली.

यात विशेष काय, असे शहरी वाचकाला वाटेल. शेतकरी मेळावे पायलीला पन्नास होतात. पण मेळाव्याला निमंत्रण लागते, मांडव लागतो, पाहुणा लागतो. आणि पाहुणा गेला की मेळावाही गेला. ठरलेल्या तारखेचे तसे नसते. मागच्या महिन्यात सांगितलेले औषध लागू पडले नाही, तर विचारायला तोच शेतकरी पुढच्या महिन्यात समोर बसलेला असतो. सांगणाऱ्याला त्याची धास्ती असते. माझ्या मते शिक्षण म्हणायचे ते इथपासून सुरू होते.

‘शाश्वत विकासासाठी शिक्षण’ हा शब्दप्रयोग गेली वीस वर्षे सरकारी परिपत्रकांतून आणि परिसंवादांतून आपल्यापर्यंत पोचतो आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे दशक या शिक्षणासाठी वाहिले. टोकियोच्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने त्याच सुमारास एक कल्पना काढली. एखाद्या प्रदेशातली विद्यापीठे, शाळा, स्वयंसेवी संस्था, उद्योग, स्थानिक प्रशासन यांनी एकत्र येऊन त्या प्रदेशापुरते शिक्षणाचे जाळे विणायचे, आणि त्या जाळ्याला विद्यापीठाने मान्यता द्यायची. जगभर अशी जाळी झाली. आपल्याकडे पुणे आणि मुंबई त्यांत आहेत. कल्पना चांगलीच आहे. माझा प्रश्न एवढाच, की जिथे विद्यापीठे आणि संस्था मुबलक आहेत तिथे असे जाळे जमणारच. सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पावसाच्या, दर तीन-चार वर्षांनी टँकर मोजणाऱ्या जिल्ह्यात ते कसे जमते, आणि जमले तर कशाच्या बळावर टिकते?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर असे तुकडे जोडून तो बनला; आता तालुके आठ आहेत. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण व्यापाऱ्यांच्या जालन्याची. इथल्या बाजारपेठेचा दबदबा जुना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली आणि जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाल्यांना मिळाला. बियाण्यांच्या जोडीला लोखंडी सळ्यांचे कारखाने आले. म्हणजे ज्ञान आणि पैसा दोन्ही जालन्यात होते. पाणी नव्हते. आणि शहरातले ज्ञान आणि पैसा पंधरा-वीस किलोमीटरवरच्या माळरानापर्यंत आपोआप पोचत नाहीत, हेही इथे नीट दिसत होते.

शेतीचे शिक्षण शाळेतच द्या, ही मागणी नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीची मूलतत्त्वे असावीत आणि शाळेला जोडून एक लहानसे नमुना शेत असावे, असे सुचवले होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून हातांच्या कामातून शिकवणारी नई तालीम आली. दोन्ही सूचना आपण आदराने फायलीत ठेवल्या. १९७४ मध्ये पुदुच्चेरीला देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले, तेव्हा फुल्यांचे नमुना शेत वेगळ्या दाराने परत आले म्हणायचे. फक्त त्यात विद्यार्थी प्रौढ होते आणि शाळा बाहेरच राहिली. या केंद्रांची घडण मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. पैसा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, पण चालवणारी यजमान संस्था कुठे विद्यापीठ, कुठे स्वयंसेवी मंडळ. खरपुडीचे केंद्र चालवते मराठवाडा शेती सहाय्य मंडळ, आणि या मंडळाच्या मागे दीर्घकाळ उभे राहिलेले नाव म्हणजे विजयअण्णा बोराडे.

बोराडे अण्णांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाची खरी परीक्षा झाली ती कडवंचीत.

कडवंची हे जालना तालुक्यातले गाव. आज ते द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाते; शेजारच्या नंदापूर, धारकल्याण, पीरकल्याण, वाघ्रुळ या गावांतही द्राक्षे पोचली आहेत. १९९० च्या दशकात इथे ज्वारी, बाजरी, कपाशी होती, उघडे माळ होते, आणि पावसाळा संपला की विहिरींचा तळ दिसत असे. १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून इथे काम सुरू झाले. पाणलोटाचे क्षेत्र सुमारे १,९०० हेक्टर. या कार्यक्रमाची साखळी पाहण्यासारखी आहे. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचा पैसा, तो नाबार्डमार्फत येणार. फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी अहमदनगरला उभी केलेली ‘वॉटर’ संस्था प्रशिक्षणाची पद्धत घडवणार. मराठवाडा शेती सहाय्य मंडळ प्रत्यक्ष गावात राबणार. आणि गावाची पाणलोट समिती पैसा खर्च करणार. म्हणजे जर्मन करदात्यापासून कडवंचीच्या गटनंबरापर्यंत भागीदारांची रांग. एवढ्या लांब रांगेत पाणी झिरपून जायचीच शक्यता जास्त.

ते का झिरपले नाही, हे समजून घ्यायचे तर कार्यक्रमाच्या अटी पाहाव्या लागतात. गावाला आधी श्रमदान करून दाखवावे लागे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत ठरवावी लागे, आणि शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन घरांचे त्यात काय, याचे उत्तरही गावालाच शोधावे लागे. कामाच्या मजुरीतला ठरावीक वाटा गावाने सोडायचा, त्यातून पुढच्या देखभालीचा निधी उभा करायचा. पहिल्या टप्प्याला नावच क्षमता बांधणी असे होते. छोट्या क्षेत्रावर काम करून शिकायचे. जमले, तरच मोठा निधी. परीक्षा आधी, पैसा नंतर. सरकारी योजनांत हा क्रम बहुधा उलटा असतो.

आणि या सगळ्याच्या पोटात होते नेट प्लॅनिंग. शब्द इंग्रजी असला तरी पाणलोटाच्या गावांत तो सर्रास बोलला जातो. प्रकार असा. गावच्या नकाशावरून एकेक गटनंबर घ्यायचा. तंत्रज्ञ, समितीचा सदस्य आणि जमिनीचा मालक, शक्यतो नवरा-बायको दोघेही, त्या तुकड्यावर प्रत्यक्ष चालायचे. माती किती खोल, मुरूम कुठे लागतो, उतार कुठे किती, आज काय पेरता, काय पेरायची इच्छा आहे, हे जागेवर लिहायचे. शेतकरी दाखवतो, दरवर्षी बांध कुठे फुटतो. तंत्रज्ञ सांगतो, तिथे सांडवा काढला नाही म्हणून फुटतो. शेतकरी म्हणतो, सांडवा काढला तर पाणी खालच्याच्या वावरात जाते आणि तो भांडायला येतो. मग खालच्या वावराचा मालक बोलावला जातो. पाणी कुठून सोडायचे, दगडी पिचिंग कोण करणार, हे दोघांच्या देखत ठरते आणि कागदावर सही होते. असे १,९०० हेक्टर!

हे ज्याने केले आहे त्याला माहीत आहे की नेट प्लॅनिंग हे सर्वेक्षण कमी आणि वर्ग जास्त असतो. आणि या वर्गात कोण गुरू, कोण चेला, हे दर शंभर पावलांनी बदलते. उताराचे गणित तंत्रज्ञाला येते. पण १९७२ च्या दुष्काळात कोणती विहीर शेवटपर्यंत आटली नव्हती, हे म्हाताऱ्याला ठाऊक असते आणि भूगर्भाबद्दल त्यातून जे कळते ते नकाशात नसते. माथ्याकडून पायथ्याकडे, म्हणजे माथ्यावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग नाल्यावरचे बांध, हा क्रम पुस्तकात चार ओळींचा आहे. गावात तो चार पावसाळ्यांचा असतो, कारण प्रत्येकाला आधी आपल्या विहिरीजवळचा बंधारा हवा असतो. माथ्यावर चर खणून आपल्याला काय मिळणार, हे पायथ्याच्या माणसाला पटवणे हाच अभ्यासक्रमाचा अवघड धडा.

कडवंचीत तो पटला. पाणी विहिरीत दिसू लागले, तसा माणसांचा धीर वाढला. केंद्राचे कृषी अभियंता पंडित वासरे यांच्यासारखी माणसे प्रकल्प संपल्यावरही गावात येत राहिली, हा माझ्या दृष्टीने या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. पाणलोटाचा निधी २००२ च्या आसपास संपला. बहुतेक गावांत तिथे पडदा पडतो. इथे त्यानंतरच द्राक्षे वाढली, ठिबक आले, शेततळी आली. २०१२ साली पावसाने दगा दिला, अंबड-जालना पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, कित्येकांनी त्या तोडून सरपण केले. त्या वर्षी कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. मग पाहणारे आले. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, म्हणजे ‘क्रीडा’ने, गावाचा अभ्यास केला. बसेस भरून शेतकरी येऊ लागले. कडवंचीचे शेतकरी आता शिकवणारे झाले.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण कडवंचीने सोडवलेल्या प्रश्नातूनच पुढचा प्रश्न निघाला, आणि तो टाळून शाश्वत वगैरे शब्द वापरणे बरे नव्हे.

हिशेब सोपा आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे एक मोठा टँकर. १,९०० हेक्टरवर ६०० मिलिमीटर पडला, तर ११ लाख ४० हजार टँकर आभाळातून उतरले. त्यातले बरेचसे उडून जाते, काही वाहून जाते, काही मातीत राहते आणि काही खडकाच्या भेगांतून खाली मुरते. हा सगळा दख्खनचा बेसॉल्ट. त्याच्या पोटात जागा थोडी. आता तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असे शेततळे घ्या. उताराच्या कडा धरून त्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते, दोनशे टँकर. हे तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले, तर उत्तमच. पण तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला, काठ उंच केले आणि पावसाळ्यात विहिरीला पाणी आहे तोवर पंप लावून ते भरून घेतले, तर ते शेततळे राहत नाही. जमिनीखालचे सगळ्यांचे पाणी वर आणून एकाच्या नावे ठेवलेली ती साठवण होते. वर उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून मीटरभराहून जाड थर नुसता उडून जातो.

द्राक्षाला हे तळे का लागते, तेही समजून घेतले पाहिजे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. पुढच्या हंगामाची काडी भर उन्हाळ्यात तयार व्हायची असते, आणि त्या दोन महिन्यांत बागेला पाणी दिले नाही तर वर्ष गेले. म्हणजे शेतकरी हावरट आहे म्हणून तळे खणत नाही. पिकाचे वेळापत्रकच त्याला तळ्याकडे ढकलते. सरकारही ढकलते. आधी फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी आली, २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आले. अनुदान मोजताना तळी मोजली गेली, ती कशाने भरतात हे मोजले गेले नाही. ‘वॉटर’ संस्थेच्याच अभ्यासकांनी पुढे या विहिरीतून भरल्या जाणाऱ्या शेततळ्यांवर बोट ठेवले. पाणलोटाचे शिक्षण देणाऱ्यांनीच आपल्या शिकवणुकीच्या फळावर प्रश्न विचारावा, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांनीच मग जालना जिल्ह्यातल्या, मुख्यतः भोकरदन-जाफराबादकडच्या, गावांत पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला. गावातल्याच तरुणांतून जलसेवक निवडले. दसऱ्याच्या सुमारास विहिरींची पातळी मोजायची, पावसाची बेरीज करायची, माणसांचे-जनावरांचे पाणी वेगळे काढायचे आणि उरलेल्यात रब्बी किती पेरता येईल ते ग्रामसभेत मांडायचे. २०१९ च्या शेवटी आलेल्या अटल भूजल योजनेतही जालना होता, आणि तिच्याही केंद्रस्थानी हाच ताळेबंद होता.

ताळेबंद मांडणे आणि पाळणे यांत अंतर असते. गावाचे पाणी तुटीत आहे, हे फळ्यावर लिहिलेले सगळे वाचतात. पण आपला पंप कोण बंद करणार? १९९६ च्या चराईबंदीत गावाने बकऱ्या रोखल्या होत्या. पंप रोखणे जास्त कठीण, कारण बकऱ्या गरिबाच्या होत्या.

आता शहराकडे येऊ. जालन्याच्या पाण्याची जुनी सोय म्हणजे घाणेवाडीचा तलाव. कुंडलिका नदीवर निजामाच्या काळात, १९३० च्या दशकात बांधलेला. तिथून शहरात पाणी उताराने यायचे, विजेचा खर्च नाही. पुढे शहर वाढले, तलावात गाळ साचला, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात तो कोरडा पडला तेव्हा अख्खे जालना टँकरच्या मागे पळत होते. त्या आगेमागे शहरातले उद्योजक, व्यापारी, डॉक्टर, सामान्य नागरिक एकत्र आले आणि घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला. रमेशभाई पटेल यांचे नाव त्यात अग्रभागी. लोकवर्गणीतून पोकलेन लागले, आसपासच्या शेतकऱ्यांनी गाळ आपल्या खर्चाने वाहून नेला आणि हलक्या रानांवर पसरला. शहराला साठवण मिळाली, शेताला माती मिळाली. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना त्यानंतर, २०१७ मध्ये आली.

या उदाहरणात मला दिसते ते असे, की भागीदारीत प्रत्येकाची गरज वेगळी होती आणि ती कुणी लपवली नाही. कारखानदाराला शहर चालू राहायला हवे होते, शेतकऱ्याला गाळ हवा होता. परिसंवादातल्या भागीदाऱ्यांत सगळ्यांना एकच उदात्त गोष्ट हवी असते, म्हणून काम होत नाही. अर्थात तोटाही इथेच आहे. शहराला जायकवाडीहून नळयोजनेचे पाणी आले आणि तातडी ओसरली. गरजेवर उभी राहिलेली भागीदारी गरजेबरोबर मंदावते. घाणेवाडीच्या पाणलोटात माती धरून ठेवायची, म्हणजे गाळ येणारच नाही, हे काम गाळ काढण्याइतके दिसत नाही; त्याला वर्गणीही मिळत नाही.

जिल्ह्यातली मुले या सगळ्यात कुठे आहेत?

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, मागे ट्रॉलीत भांडी, सरपण आणि लेकरे. परत यायचे ते थेट पाडव्याच्या आसपास. शाळेचे अर्धे वर्ष त्यात जाते. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ने एकेकाळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या, पुढे धोरण बदलले, मुलांना गावातच ठेवायचे ठरले आणि हंगामी वसतिगृहे निघाली. आजी-आजोबांकडे किंवा शेजाऱ्यांकडे मूल ठेवायचे, दोन वेळचे जेवण शासनाने द्यायचे. कागदावर हे बरोबर आहे. पण सात-आठ वर्षांच्या लेकराला सहा महिने सोडून जाताना आई कुणाच्या भरवशावर जाईल, हा प्रश्न कागदावर सुटत नाही. आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की तिला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत. धाकट्याला सांभाळायला ती फडातच जाते.

विरोधाभास असा, की याच जिल्ह्याच्या गोदाकाठी, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, अंबड-घनसावंगीत उसाचे फड आहेत आणि साखर कारखानेही आहेत. एका भागात पाणी पिऊन उभा राहिलेला ऊस आणि दुसऱ्या भागातून पाण्याअभावी निघालेला कोयता. शाश्वत विकासाचा धडा शिकवायला याहून जवळचे उदाहरण शिक्षकाला मिळणार नाही. पाठ्यपुस्तकात ते नाही. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. १९९१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले, त्याचे हे लांबचे वंशज. पुस्तके वाईट नाहीत. पण या विषयाला श्रेणी मिळते, टक्क्यांत तो धरला जात नाही. आणि जो विषय टक्क्यांत नाही त्याच्या तासाला गणिताचे सर येतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालकाला ठाऊक आहे. प्रकल्पवही मात्र वेळेवर भरली जाते. झेरॉक्सच्या दुकानात तयार मजकूरही मिळतो.

खरे तर त्याच प्रकल्पात गावातल्या पाच विहिरींची पातळी दरमहा दोरी सोडून मोजायला सांगितली, तर तीन वर्षांत ग्रामपंचायतीकडे नाही असा दस्तऐवज शाळेकडे तयार होईल. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून हेच दाखवले. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचे, शिकवायला गावातलाच कारागीर, आणि मुलांचे काम गावाच्या उपयोगाचे. माती परीक्षण, रक्तगट तपासणी, वेल्डिंग. जे गावाला लागते ते. ही पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेली. जालन्यासारख्या जिल्ह्यात तिला विहिरीची दोरी आणि पर्जन्यमापक जोडायला फार पैसा लागत नाही.

लागतो तो कुणीतरी एकत्र बसवणारा. जालन्यात माणसांची वानवा नाही, हे या भागात फिरताना पुन्हा पुन्हा जाणवते. खरपुडीचे केंद्र आहे. बदनापूरला कडधान्यांचे संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या ‘बीडीएन ७११’ सारख्या लवकर येणाऱ्या तुरीने हलक्या रानातल्या शेतकऱ्याला हात दिला. परभणीचे विद्यापीठ दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात पाठवते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा कॅम्पस २०१८ पासून जालन्यात आहे. बियाणे कंपन्या आहेत, पोलाद कारखाने आहेत, २०१८ मध्ये सुरू झालेली रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, भूजल सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, जिल्हा परिषदेच्या शेकडो शाळा आहेत. २०१८ पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावोगाव शेतीशाळा घेतो. त्या पिकाच्या काठावरच, पंधरवड्याला भरतात. नुसती यादी केली तर जगातल्या कुठल्याही प्रादेशिक जाळ्याला लाजवील. पण कृषिदूत खरिपात ज्या गावात फलक धरून फोटो काढतो, त्याच गावच्या शाळेत तो पाऊल ठेवेलच असे नाही. शेतीशाळा ज्या बांधावर भरते, तिथून दीडशे पावलांवर नववीचा वर्ग ‘जलसुरक्षा’ पाठ करत असतो. दोघांची खाती वेगळी, मार्च एंड वेगळे, अहवाल वेगळे. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत कृषी खाते असते, नाबार्ड असते, आकाशवाणी असते, शेतकरी असतात. शिक्षणाधिकाऱ्याची खुर्ची तिथे असायला काय हरकत आहे?

महिकोच्या शहरात वाणांबद्दल बोलणेही यातच येते. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याच्या मोसंबीला ते आधीच होते. संकरित बियाण्यांच्या राजधानीत एका देशी ज्वारीचा मान व्हावा, ही गंमत आहे, आणि धडाही आहे. मुलांच्या शालेय पोषण आहारात ती ज्वारी आठवड्यातून एकदा आली, तर मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवरून ताटात उतरेल. परसबागेच्या स्पर्धा शाळाशाळांत होतात, त्यात मेथी-पालकाच्या वाफ्याशेजारी एक ओळ दगडी ज्वारीची लावायला कुणाची परवानगी लागते, हे मला तरी समजले नाही.

राहिला हवामानाचा मुद्दा, आणि तो आता मागून ढुशी देतो आहे. जालन्याने पन्नास वर्षे कमी पावसाचे शिक्षण घेतले. थेंब अडवा, चर खणा, बांध घाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याने उलटा प्रश्न विचारला. अडवलेले पाणी सोडायचे कुठून? बांध फुटले, माती खरवडून गेली, कापूस आणि सोयाबीन पाण्यात उभे राहिले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पावसाचे आकडे धरून काढलेले सांडवे आताच्या ढगफुटीसारख्या सरींना पुरतील का, हे पुन्हा जागेवर जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. दुसरी अडचण घरातलीच आहे. नेट प्लॅनिंगच्या वेळी एका गटाचा एक मालक होता. आता तो गट तीन भावांत, पुढे पाच-सहा मुलांत वाटला गेला आहे. ज्या दोघांनी सांडव्यावर सह्या केल्या, त्यांतला एखादा हयात नाही. वाटणीत नवे धुरे पडले, काही जुने बांध नांगराखाली गेले.

म्हणजे सगळी फेरी पुन्हा करावी लागणार. पाणलोटाच्या योजनांत पहिल्या कामाला पैसा असतो. दुसऱ्या फेरीसाठी लेखाशीर्ष नसते. देखभाल निधी जिथे शाबूत आहे तिथे त्यातून, नाही तिथे रोजगार हमीतून, कुठे एखाद्या कारखान्याच्या सामाजिक निधीतून हे जमवता येईल. तंत्रज्ञ खरपुडीहून आणि बदनापूरहून येतील, मोजणीचे काम कृषिदूत करतील. आणि या वेळी गटनंबराचा नकाशा घेऊन चालताना गावच्या आठवी-नववीच्या पोरापोरींनाही बरोबर घ्यावे. ते बांध पुढे त्यांच्याच वाटणीला येणार आहेत.